उत्तर टोकाचे पाइन जंगल: प्रवेश फुकट, पोहोचणे महाग

फिनलंडच्या उत्तर भागात, आर्क्टिक वर्तुळाच्याही बरेच वर, लेम्मेनयोकी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९५६ साली ते स्थापन झाले. सुमारे २,८५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौपटीहून मोठा हा पसारा; देशातले हे सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान. लेम्मेनयोकी नदीच्या दोन्ही काठांवर कुऱ्हाड न लागलेले जुने पाइन उभे आहेत. या उद्यानाला फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, कॅमेऱ्याचा आकार नाही आणि गाडी लावायलाही पैसे पडत नाहीत. तरीही मुंबई-पुण्याहून दोघांनी मिळून जायचे, तर माणशी दोन ते पावणेतीन लाखांच्या आसपास खर्च येतो. हा पैसा नेमका कुठे जातो, त्यातला किती टाळता येतो आणि कुठे हात आखडता घेणे अंगाशी येते, याचा हा हिशेब.

आकडेमोड सोपी व्हावी म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. दर रोज हलतो. निघताना त्या दिवसाचा दर पाहून आकडे कमी-जास्त करून घ्यावेत. व्हिसाचे शुल्क ठरलेले असते. बाकीच्या किमती अंदाजासाठी आहेत आणि मोसमाप्रमाणे बदलतात.

पाहायचे काय?

आधी हे ठरवा, कारण खर्चाचे सारे गणित त्यावर आहे. लॅपलँड, म्हणजे फिनलंडचा हाच उत्तर भाग, म्हटले की बर्फ, सांताक्लॉज, काचेचे इग्लू आणि आकाशातला उत्तर प्रकाश ही चित्रे डोळ्यांसमोर येतात. ती सहल वेगळी आणि तिचा खर्चही वेगळा. जुने जंगल बघायचे असेल, तर जमिनीवर बर्फ नसतानाच जावे.

इथला पाइन म्हणजे स्कॉट्स पाइन, आपल्या हिमालयातल्या चीडचा भाऊबंद. इतक्या उत्तरेला वाढीचा मोसम जेमतेम तीन महिन्यांचा, त्यामुळे झाड फार सावकाश जाड होते. मांडीएवढ्या खोडाचे वय शंभर-दीडशे वर्षे असू शकते. तीन-चारशे वर्षांची झाडे जुन्या जंगलात सहज भेटतात आणि सातशे वर्षे ओलांडलेली झाडेही लॅपलँडमध्ये मोजली गेली आहेत. म्हातारे झाड ओळखायची खूण शेंड्यात असते. तरुण पाइन टोकदार असतो, तर म्हाताऱ्याचा माथा पसरट आणि वाकडातिकडा होतो. बुंध्याजवळची साल करडी, जाड आणि ढलप्या-ढलप्यांची असते. वर जाल तशी ती पातळ, नारिंगी आणि पापुद्र्यासारखी सुटणारी होते. काही बुंध्यांवर एका बाजूने उभी काळपट खाच दिसते. ती जुन्या वणव्याची खूण. झाड त्यातून वाचले आणि जखमेच्या कडेने पुन्हा वाढले.

मेलेली झाडेही इथे शतकभर, कधी त्याहून जास्त काळ उभी राहतात. साल गळते आणि लाकूड चांदीसारखे राखाडी होते. फिनिश लोक अशा झाडाला ‘केलो’ म्हणतात. जिवंत फांद्यांवरून काळ्या-करड्या दाढ्या लोंबतात. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याच प्रकारातल्या या दाढ्या. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फाचा थर घट्ट होऊन खालचे खाद्य मिळेनासे झाले, की रेनडिअर या दाढ्यांवर गुजराण करतात. उद्यानाजवळच्या इनारी गावाच्या परिसरातल्या काही जुन्या बुंध्यांवर चौकोनी व्रण दिसतात. इथले मूळ रहिवासी सामी लोक पूर्वी सालीखालचा पातळ थर काढून, वाळवून खाण्यात वापरत, त्याच्या या खुणा.

कधी जावे? मोसम आणि दर

*मे:* टाळा. बर्फ वितळून वाटा चिखलाच्या आणि ओढे फुगलेले असतात. दर कमी दिसतात ते याच कारणाने.

*जून-जुलै:* मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. रात्री अकरालाही चालता येते. पण जूनच्या अखेरीपासून डास आणि चिलटे इतकी होतात, की चेहऱ्यावर जाळी घेतल्याशिवाय बसता येत नाही. राहण्याचे दर मध्यम.

*ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य:* या सहलीसाठी सर्वांत योग्य काळ. डास जवळजवळ संपतात. खालची झुडपे आणि बर्चची पाने लाल-पिवळी होतात आणि त्यावर पाइनचा हिरवा रंग उठून दिसतो. बेरी आणि अळिंबी पिकलेल्या असतात. रात्री काळोख पडू लागतो, त्यामुळे आकाश स्वच्छ असेल तर उत्तर प्रकाशही फुकटात दिसू शकतो. दिवसा पाच ते बारा अंश तापमान, रात्री शून्याच्या आसपास. पानांच्या रंगाच्या आठवड्यांत फिनिश लोकही इकडे येतात, म्हणून केबिन लवकर आरक्षित करावी.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर:* स्वस्त, पण ओले, अंधारे आणि नदीवरच्या बोटी बंद.

*डिसेंबर ते मार्च:* सर्वांत महाग. नाताळच्या दोन आठवड्यांत केबिनचे भाडे सप्टेंबरच्या दुप्पट-तिप्पट होते. पारा उणे तीसपर्यंत उतरू शकतो. स्नोमोबाइलची एक फेरी माणशी १२० ते १८० युरो. जंगलातल्या वाटा बर्फाखाली गेलेल्या असतात.

व्हिसा आणि विमा

फिनलंड शेंगेन देशांत येते. प्रौढांना व्हिसा शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याखालच्या मुलांना माफ. अर्ज व्हीएफएस केंद्रात द्यायचा. त्यांचे सेवाशुल्क वेगळे. कुरिअर, एसएमएस, ‘प्रीमियम लाउंज’ या गोष्टी ऐच्छिक असतात आणि त्यांचा निर्णयावर काहीही परिणाम होत नाही. तिथे नम्रपणे ‘नको’ म्हटले, तर माणशी दोन-तीन हजार रुपये वाचतात.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. सप्टेंबरला जायचे असेल, तर मे-जूनमध्ये अर्ज करा. उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत भेटीची वेळ मिळणे हीच मोठी अडचण असते. ज्या देशात जास्त रात्री काढणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. लेम्मेनयोकीला सहा रात्री आणि परतताना पॅरिसला दोन, असे असेल तर अर्ज फिनलंडकडे. व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही, म्हणून हाती व्हिसा येण्याआधी केबिनसाठी रद्द करता येणारेच आरक्षण घ्यावे.

प्रवासविमा सक्तीचा असून संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे. दहा दिवसांसाठी दीड ते साडेतीन हजार रुपयांत पॉलिसी मिळते. पॉलिसीत दोन गोष्टी शोधा. पायी जंगलभ्रमंती वगळलेली नाही ना? आणि आधीपासूनच्या आजारांचे काय? साठीपुढच्या प्रवाशांनी दुसऱ्या मुद्द्यावर काही हजार जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

विमान: खर्चाचा सर्वांत मोठा घास

मुंबई–हेलसिंकी परतीचे तिकीट दोहा, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे साधारण ६० ते ८५ हजार. चार-पाच महिने आधी घेतले, तर खालच्या टोकाला मिळते. पुढे हेलसिंकी–इवालो हे दीड तासाचे उड्डाण, परतीचे भाडे १८० ते ३०० युरो. इवालो हा फिनलंडमधला सर्वांत उत्तरेचा विमानतळ. शक्य असेल तर मुंबई ते इवालो एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले, तर दुसरी सोय करून देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळ्या तिकिटांवर ती तुमच्यावर येते.

विमानाऐवजी हेलसिंकीहून रोव्हानिएमीपर्यंत रात्रीची रेल्वे, जवळपास बारा तासांची, आणि तिथून इनारीपर्यंत ३२० किलोमीटरची बस. लवकर आरक्षण केले तर हा मार्ग विमानाएवढाच किंवा थोडा स्वस्त पडतो आणि हॉटेलची एक रात्र वाचते. मात्र दोन्ही बाजूंचा मिळून एक अख्खा दिवस बसमध्ये जातो. सुट्टी मोजकी असणाऱ्यांनी विमानच धरावे.

इवालोपासून पुढे: गाडी की बस?

इवालो ते इनारी ४० किलोमीटर, बस आहे. खरी अडचण त्यापुढे. इनारी ते उद्यानाचे मुख्य प्रवेशस्थान न्युर्कुलाहती हे सुमारे ४५ किलोमीटर, आणि त्या रस्त्यावर सार्वजनिक वाहन अगदी तुटपुंजे. टॅक्सीला एका बाजूचे शंभर युरोंच्या आसपास पडतात. दोनदा जाणे-येणे केले, तर तेवढ्यात चार-पाच दिवसांची भाड्याची गाडी येते.

गाडीचे भाडे दिवसाला ६५ ते ९५ युरो. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, म्हणून आधीच सांगून ठेवा. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. सरकारी शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. भाड्याच्या करारात ‘एक्सेस’ नावाची रक्कम पाहा. अपघात झाला तर तेवढे पैसे तुमच्या खिशातून जातात आणि ती रक्कम हजार युरोंच्या वर असू शकते. इथे हे काल्पनिक भय नाही. रस्त्यावर रेनडिअरचे कळप येतात आणि हॉर्नला ते दाद देत नाहीत. एक दिसला, तर मागे आणखी चार आहेत असे समजून वेग कमी करावा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. परत करताना ओरखड्यांवरून वाद झाला, तर तेच कामी येतात.

राहणे

इनारी गावात राहून दिवसा जंगलात जाणे हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. गावात दुकान, पेट्रोलपंप आणि संग्रहालय आहे.

– स्वयंपाकघर असलेली साधी केबिन, दोघांसाठी: रात्री ८० ते १२० युरो.
– चौघांसाठी मोठी केबिन: १२० ते १६० युरो.
– हॉटेलची दोघांची खोली, नाश्त्यासह: १२० ते १८० युरो.
– कॅम्पिंगच्या मैदानावर स्वतःचा तंबू: २० ते ३० युरो.

केलोच्या ओंडक्यांची ‘अस्सल लॅपलँडी’ केबिन म्हणून जी जाहिरात येते, तिचे भाडे बरेच चढे असते. झोप दोन्हीकडे सारखीच लागते. केबिनच्या भाड्यात चादरी-टॉवेल आणि शेवटची सफाई धरलेली आहे का, हे मात्र आधी विचारा. फिनलंडमध्ये या दोन्हींचे बऱ्याचदा वेगळे पैसे लावतात आणि ते मिळून ५०-१०० युरो होतात. सौना बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतो.

उद्यानाच्या आत राहायचे असेल, तर सरकारी वनसंस्था मेत्साहाल्लितुस हिने बांधलेल्या मोकळ्या झोपड्या आहेत. त्यांना कुलूप नाही, आरक्षण नाही आणि भाडेही नाही. आत फळ्यांचे झोपायचे मचाण, लोखंडी शेगडी, टेबल, नोंदवही. बाहेर सरपणाची कोठी, करवत, कुऱ्हाड आणि कोरडा संडास. गादी-पांघरूण आपले आपण आणायचे. एक-दोन रात्रींहून जास्त मुक्काम करायचा नाही. इथला शिरस्ता आपल्याला उलटा वाटेल: जागेवर पहिला हक्क शेवटी आलेल्याचा. तो भिजून-थकून आलेला असतो, म्हणून आधी विसावलेल्याने सरकून घ्यायचे किंवा तंबू लावायचा. त्यामुळे फुकटच्या झोपडीच्या भरवशावर जाताना सोबत तंबू असलाच पाहिजे. निघताना शेगडी साफ करून पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवायची. हेच तिथले भाडे. मचाण नक्की हवे असेल, तर आरक्षणाच्या झोपड्याही आहेत. एका माणसाचे रात्रीचे दर हॉटेलच्या मानाने अगदीच किरकोळ.

खाणे-पिणे

नळाचे पाणी उत्तम आहे. बाटलीबंद पाण्यावर एक सेंटही घालवू नका. टीप देण्याची पद्धत नाही. दुपारचे ठरलेले जेवण, ज्यात सूप, सॅलड, पाव आणि कॉफी येते, १३ ते १७ युरोंना मिळते. त्याच जागी रात्री जेवायला गेलात, तर मुख्य पदार्थालाच २२ ते ३५ युरो पडतात. म्हणून बाहेर खायचे ते दुपारी, आणि रात्री केबिनवर वरणभात. तांदूळ, मसूर, बटाटे, अंडी, दही, दूध सगळे दुकानात मिळते. दोन वेळचे घरचे जेवण माणशी ८ ते १२ युरोंत होते.

घरून काय न्यावे? मेतकूट, भाजलेला रवा, पोहे, शेंगदाण्याची चटणी, चहाचा मसाला, डाळ-खिचडीची पाकिटे. काय नेऊ नये, हे जास्त महत्त्वाचे. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. साजूक तूप, पेढे, खवा, पनीर, दूधपावडर विमानतळावर काढून घेतली जाते. ताजी फळे-भाज्या आणि पालाही रोपतपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाही. त्यात आंबे आले आणि कढीपत्ताही आला.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण जंगलाजवळच्या उपाहारगृहांत निवड दोन पदार्थांपुरती असते. स्थानिक जेवण रेनडिअर आणि माशाचे आहे.

जंगलात काय फुकट, काय विकत?

फुकट: प्रवेश, वाटा, मोकळ्या झोपड्या, ठरलेल्या जागी तंबू, ठरलेल्या जागी शेकोटी आणि तिथले सरपण. बेरी आणि अळिंबी स्वतःपुरती वेचायलाही मुभा आहे. अळिंबीची ओळख नसेल, तर तिकडे वळू नका. ब्लूबेरी आणि लिंगनबेरीवर समाधान माना.

न्युर्कुलाहतीहून निघणारी निसर्गवाट पाइनने झाकलेल्या उंचवट्यांवरून, नदीच्या कडेने जाते. अर्ध्या दिवसात जुन्या जंगलाची चांगली ओळख होते आणि खर्च शून्य. इनारीजवळची पिएल्पायार्वीची वाटही अशीच. जंगलातल्या तळ्याकाठी १७६० साली पुरे झालेले लाकडी चर्च आहे. तिथे पूर्वी सामी लोकांची हिवाळी वस्ती भरे. जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर धरा. वाट सपाट असली तरी दगड-मुळांची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

विकत: न्युर्कुलाहतीहून रावदास धबधब्याकडे आणि पुढे सोन्याच्या जुन्या बंदराकडे जाणारी बोट. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती चालते. परतीचे भाडे ४० ते ६० युरोंच्या घरात धरा. या नदीच्या खोऱ्यात १९४५ साली सोने सापडले आणि लोक फावडी घेऊन धावले. यंत्राने सोने काढणे २०२० मध्ये पूर्ण बंद झाले. बोटीचे पैसे वसूल करायचे, तर एका बाजूने बोटीने जा आणि परत पायी या. सुमारे १७ किलोमीटरची वाट आहे, दिवसभर लागतो. ज्येष्ठांनी दोन्ही बाजूंनी बोटच घ्यावी. जंगल पाण्यातूनही भरपूर दिसते.

इनारीतले ‘सीदा’ हे सामी संग्रहालय आणि निसर्गकेंद्र, तिकीट २० युरोंच्या आसपास. पहिल्याच दिवशी बघा, म्हणजे पुढे जंगलात कशाकडे बघायचे ते कळते. २०२४ चा युरोपातील सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार त्याला मिळाला आहे. वाटांचे नकाशे आणि बोटींच्या वेळाही तिथेच विचारता येतात.

मासेमारीला मात्र परवाना लागतो. आठवणीसाठी काही घ्यायचे असेल, तर ‘सामी दुओद्यी’ हे प्रमाणचिन्ह पाहा. लाकडी पेला, शिंगाच्या मुठीचा चाकू अशा हातकामाच्या वस्तूंवर ते असते आणि किंमत पन्नास-शंभर युरोंपासून पुढे. रंगीत लोकरीच्या पाच-दहा युरोंच्या ‘लॅपलँडी’ टोप्यांचा सामी लोकांशी सहसा काही संबंध नसतो.

तीन नियम पक्के लक्षात ठेवा. केलो किंवा इतर वाळके लाकूड तोडून जाळायचे नाही. ठरलेल्या जागेबाहेर शेकोटी नाही, आणि वणव्याचा इशारा असेल तर उघड्यावर कुठेच नाही. कचरा सगळा परत न्यायचा. जंगलात कचरापेटी नाही. उद्यानाच्या आत मोबाइलची रेंज बेभरवशाची असते, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या. ‘११२ सुओमी’ हे अॅप आधीच घालून ठेवा. आणीबाणीत ११२ ला त्यातून फोन केला की तुमचे ठिकाण आपोआप कळते.

कपडे आणि सामान

इथे पैसे वाचवण्याची जागा पायांत नाही. पावसाळी ट्रेकला वापरलेले, घोट्यापर्यंतचे आणि पाणी न शिरणारे बूट हवेत. नवे बूट घालून जाऊ नका; घरी निदान महिनाभर वापरून मऊ करा. लोकरीचा किंवा थर्मलचा आतला थर, फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारे जाकीट, टोपी, हातमोजे, दोन जोड लोकरी मोजे. सह्याद्रीत फिरणाऱ्याकडे यातले निम्मे असतेच. उरलेले भारतात घेतले तर ८ ते १५ हजारांत होते. तिथे तेवढ्यात एक जाकीट येते. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. ते तिथेच घ्या, ७ ते १२ युरोंना मिळतात. डासांची जाळी तिथेच दहा युरोंना.

पैसे कार्डाने द्या; रोख रक्कम लागत नाही म्हटले तरी चालेल. आपल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. हा आकार नसलेले किंवा कमी असलेले कार्ड, नाहीतर फॉरेक्स कार्ड घेतले, तर दोघांच्या तिथल्या खर्चावर काही हजार रुपये वाचतात. दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले, तर नेहमी युरो निवडा. रुपयांचा पर्याय महाग पडतो.

दोघांच्या सहलीचा माणशी हिशेब

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, आठ रात्री: दोन हेलसिंकीत, सहा इनारीत.

– मुंबई–हेलसिंकी परतीचे विमान: ६०,००० ते ८५,००० रुपये
– हेलसिंकी–इवालो परतीचे विमान: १८,००० ते ३०,०००
– व्हिसा, सेवाशुल्कासह: ११,००० ते १२,०००
– विमा: २,००० ते ३,५००
– हेलसिंकीतले हॉटेल: ११,००० ते १५,०००
– इनारीतली केबिन: २४,००० ते ३६,०००
– गाडीचे भाडे: १९,५०० ते २८,५००
– पेट्रोल: ३,५००
– खाणे: १६,००० ते २८,०००
– बोट, संग्रहालय, इतर तिकिटे: ८,००० ते १२,०००
– कपडे, गॅस, नकाशा, सिमकार्ड: ८,००० ते १५,०००
– हाताशी ठेवायचे: १०,०००

एकूण माणशी १ लाख ९१ हजार ते २ लाख ७८ हजार. जाणारे चौघे असतील, तर गाडी आणि केबिनचा भार विभागून ही रक्कम पावणेदोन ते अडीच लाखांवर येते. एकट्याने गेल्यास याच दोन गोष्टींनी माणशी ४५ ते ७० हजारांची भर पडते. सहल दोन दिवसांनी वाढवली, तर खर्च साधारण एक दशांशाने वाढतो, कारण विमान आणि व्हिसा तेवढेच राहतात. म्हणून दोन देश जोडण्यापेक्षा इनारीत दोन दिवस जास्त राहणे पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचे.

पॅकेज घेताना

‘लॅपलँड’ म्हणून विकली जाणारी बहुतेक पॅकेजे रोव्हानिएमीत संपतात. तिथून लेम्मेनयोकी ३५० किलोमीटरच्या पुढे आहे. सांताच्या गावात प्रवेश फुकट असतो, फोटोला पैसे पडतात. पॅकेजमध्ये मात्र त्या प्रवेशाचीही किंमत ‘समाविष्ट’ म्हणून मोठ्या अक्षरांत छापलेली दिसते. सही करण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा:

१. मुक्काम कोणत्या गावात, किती रात्री?
२. जंगलात प्रत्यक्ष पायी किती तास?
३. हेलसिंकी–इवालो विमान दरात आहे का?
४. व्हिसा नाकारला तर किती पैसे परत?
५. टीसीएस आणि जीएसटी धरून अंतिम रक्कम किती?

टीसीएस म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ जमा होणारा आयकर. दर सरकार बदलत असते, पण ती रक्कम विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. त्यासाठी पॅनवर नोंद झाली की नाही, हे २६एएस विवरणात तपासा. कबूल केलेली सेवा मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तड लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दोन्हीकडे लेखी पत्रव्यवहारच उपयोगी पडतो. फोनवरच्या आश्वासनांना किंमत नाही.

दुसरे पर्याय

याच पट्ट्यात नॉर्वेतले स्टाबुर्सदालेन आहे. ७० अंश उत्तरेला, जगातले सर्वांत उत्तरेकडचे पाइन जंगल म्हणून ते ओळखले जाते; १९७० पासून राष्ट्रीय उद्यान. तिथेही प्रवेश फुकट, पण नॉर्वेत जेवण आणि गाडीभाडे फिनलंडहून चढे. स्वीडनमधले मुद्दुस १९४२ पासून संरक्षित असून १९९६ पासून लापोनिया या जागतिक वारसा क्षेत्राचा भाग आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला झोपड्यांची सोय आणि एकूण खर्च पाहता फिनलंड बरे.

जावे की नाही?

हाताशी पाचच दिवस असतील, तर जाऊ नका. निम्मा वेळ विमानतळांवर जाईल. रोज नवे शहर आणि खरेदी हवी असणाऱ्यांचाही इथे विरस होईल. लहान मुलांना घेऊन जायला हरकत नाही, फक्त डासांचे आठवडे टाळा. आठ-दहा दिवस, चालायची तयारी आणि जंगलात नुसते फिरण्याची आवड असेल, तर दोन-सव्वादोन लाखांत इतकी जुनी, अस्पर्श झाडे पाहायची याहून सोपी वाट युरोपात क्वचितच सापडेल. चौघांचा गट जमवा, सप्टेंबर धरा, मार्च-एप्रिलमध्ये तिकिटांचे दर पाहायला लागा, आणि रद्द करता येणारी केबिन आधी पक्की करा. त्या दिवसांत विमानाची जागा सहसा मिळते, इनारीतली स्वस्त केबिन मिळत नाही.